जॉन वॉटसन: २२व्या जागेवरून जिंकणारा माणूस क्वालिफाइंगमध्ये इतका मागे का असायचा?

स्लिपस्ट्रीम

नमस्कार मंडळी. बेलफास्टच्या जॉन वॉटसनबद्दल जाणकारांकडून जरा सविस्तर हवंय. १९७३ ते १९८३ सलग फॉर्म्युला वन, मग १९८५ मध्ये एकच शर्यत. एकूण १५२ शर्यती, ५ विजय, २० पोडियम, १६९ गुण. विजय असे: ऑस्ट्रिया १९७६ (पेन्स्की), सिल्व्हरस्टोन १९८१, झोल्डर आणि डेट्रॉइट १९८२, लाँग बीच १९८३ (हे चारही मॅकलारेन).

पोल (सुरुवातीला सगळ्यात पुढची जागा) मात्र दोनच, मोनॅको १९७७ आणि फ्रान्स १९७८, आणि दोन्ही ब्रॅबम-अल्फामध्ये. मॅकलारेनमध्ये पाच वर्षं काढून एकही नाही. उलट डेट्रॉइट जिंकला तो १७व्या जागेवरून आणि लाँग बीच २२व्या जागेवरून. लाँग बीचचा तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही.

माझे प्रश्न तीन. एक, रविवारी शर्यतीत एवढा वेग असणारी गाडी शनिवारी, सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या क्वालिफाइंगमध्ये, कुठे जायची? दोन, १९८२चं विजेतेपद नेमकं कुठे हुकलं? शेवटच्या शर्यतीत, लास व्हेगासलाच गेलं असं सगळे म्हणतात, ते खरं का? तीन, १९८३ मध्ये मॅकलारेनमधला जोडीदार निकी लाउडापेक्षा जास्त गुण असूनही संघातली जागा वॉटसनचीच का गेली? ‘नशीब’ या उत्तराने समाधान होत नाही, कारणं हवीत.

---

कर्बसाइड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतांशी टायरमध्ये आहे.

मॅकलारेन १९८१ पासून मिशेलिनवर धावत होतं. मिशेलिनचे टायर रेडियल, आणि त्या वेळचे गुडइयर क्रॉस-प्लाय. क्रॉस-प्लायमध्ये कापडाचे थर एकमेकांना तिरके छेदून जातात, त्यामुळे टायर फिरताना त्याची भिंत आणि माथा दोन्ही जास्त हलतात आणि या हालचालीतूनच आतून उष्णता तयार होते. रेडियलचा सांगाडा कमी घासतो, कमी तापतो. लांब पल्ल्यात हा फायदा असतो, कारण टायर टिकतो आणि फुगून आकार बदलत नाही. एका लॅपसाठी मात्र तोच तोटा ठरतो.

आता क्वालिफाइंगचा नियम लक्षात घ्या. प्रत्येक ड्रायव्हरला एका सत्रात खूण केलेले टायरचे दोनच संच मिळायचे. क्वालिफाइंगचं रबर इतकं मऊ की त्यात एकच खरा वेगवान लॅप असायचा. पिटमधून बाहेर पडलं की एका लॅपमध्ये टायर तापवायचा आणि पुढच्या लॅपला सगळं ओतायचं. त्या पहिल्या लॅपमध्ये टायर पुरेसा तापला नाही, तर वेगवान लॅपच्या पहिल्या काही वळणांत पकड नसते. शेवटच्या वळणांपर्यंत तो तापतो, तोवर वेळ गेलेली असते. आणखी एक लॅप मारावा, तर मऊ रबराचा पृष्ठभाग गेलेला असतो.

टायर तापतो कशाने? त्याच्यावरच्या उभ्या दाबाने आणि घसरणीने. मिशेलिनचं बरंचसं विकासकाम रेनो आणि पुढे ब्रॅबम-बीएमडब्ल्यू या टर्बो गाड्यांना समोर ठेवून चाललं होतं. त्यांची ताकद जास्त, मागच्या पंखाचा कोन जास्त, त्यामुळे टायरवर येणारा भारही जास्त. मॅकलारेनच्या मागे होतं कॉसवर्थ डीएफव्ही: तीन लिटरचं व्ही८, टर्बो नसलेलं, ताकद साधारण ५०० अश्वशक्तीच्या आसपास. एवढ्या ताकदीत मोठा पंख लावला की सरळ पट्ट्यावर मार खायचा, आणि पंख कमी केला की टायर थंड.

१९८३ मध्ये यात भर पडली. चाकांच्या मधला तळ सपाट हवा असा नियम आला आणि ग्राउंड इफेक्टचा डाउनफोर्स (तळाखालच्या हवेमुळे गाडीला रस्त्यावर दाबणारा जोर) एका झटक्यात गेला. किमान वजनही ५८० किलोवरून ५४० वर आलं. म्हणजे डाउनफोर्स आणि वजन, टायरवरचे दोन्ही भार घटले. लाँग बीचच्या क्वालिफाइंगमध्ये वॉटसन २२वा आणि निकी लाउडा २३वा. मला हा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. दोन वेळचा जगज्जेता त्याच गाडीत, त्याच टायरवर, त्याच्याही एक जागा मागे. इथे ड्रायव्हर बदलून काही झालं नसतं.

रविवारी काय बदलतं? टाकीत दीडशे लिटरच्या आसपास इंधन, म्हणजे गाडीवर शंभर किलोहून जास्त वजन वाढलं. ५४० किलोच्या गाडीला हा फरक प्रचंड आहे. तापवायला एकच लॅप मिळण्याऐवजी आता पाच-सहा लॅप मिळतात. टायर एकदा योग्य तापमानाला आला की रेडियलचा गुण दिसतो: तो तिथेच टिकून राहतो. समोरच्या गुडइयरवाल्यांचे टायर तोपर्यंत झिजायला लागलेले. त्या शर्यतीत पॅट्रिक तांबे आणि केके रोझबर्ग एकमेकांना भिडून बाजूला झाले हे खरं, पण ७५ पैकी ४५व्या लॅपला वॉटसनने लाफितला मागे टाकून आघाडी घेतली ती वेगाच्या जोरावर. शेवटी अंतर जवळपास २८ सेकंदांचं होतं, आणि दुसरा आला लाउडा. २२वा पहिला आणि २३वा दुसरा, हे अपघातांच्या कृपेने होत नाही.

याची दुसरी बाजू त्याच वर्षी मे महिन्यात मोनॅकोला दिसली. गुरुवारचं सत्र कोरडं, शनिवारी पाऊस. म्हणजे गुरुवारची वेळ हीच अंतिम. टायर तापेनात आणि सुधारायला दुसरी संधी नाही. मोनॅकोला तेव्हा २० गाड्यांनाच प्रवेश असायचा. वॉटसन आणि लाउडा दोघेही बाहेर राहिले. मार्चमध्ये पहिला-दुसरा आणि मेमध्ये ग्रिडवरसुद्धा नाही, आणि मूळ कारण एकच.

---

जुनाग्रिड

कर्बसाइड, टायरचं विवेचन उत्तम आहे, पण सगळा भार टायरवर टाकणं मला मान्य नाही.

१९८० बघा. तेव्हा मॅकलारेन मिशेलिनवर नव्हतं, गुडइयरवर होतं. शेजारच्या गाडीत पहिल्याच वर्षाचा ॲलन प्रॉस्ट. क्वालिफाइंगमध्ये प्रॉस्ट वॉटसनला सतत मागे टाकत होता. मोनॅकोला त्या वर्षी प्रॉस्ट ग्रिडवर होता आणि वॉटसन पात्रच ठरला नाही. वर्षाअखेर गुण मात्र वॉटसन ६, प्रॉस्ट ५. शनिवार-रविवारची ही तफावत मिशेलिनच्या आधीपासूनची आहे.

माझं मत असं की वॉटसनला गाडीवर विश्वास बसायला लॅप लागायचे. गाडीचं मागचं टोक स्थिर आहे, ब्रेक मारल्यावर ती सरळ राहते, हे त्याला कळलं की तो थांबवता यायचा नाही. नाही कळलं तर तो मर्यादेच्या आतच राहायचा. असा ड्रायव्हर एका लॅपच्या खेळात मागे पडणारच. ब्रॅबममध्ये त्याचे दोन्ही पोल आले कारण ती गाडी त्याला पटली होती आणि अल्फाचं बारा सिलिंडरचं इंजिन ताकदीत कमी नव्हतं. म्हणजे एका लॅपचा वेग त्याच्यात होता, पण तो अटी घालून यायचा.

तेव्हा १९८२-८३ साठी तुमचं उत्तर बरोबर, पण अख्ख्या कारकिर्दीसाठी अपुरं.

---

कर्बसाइड

१९८० चा मुद्दा मान्य. त्या वर्षीची एम२९ गाडी दोघांसाठी सारखीच वाईट होती आणि प्रॉस्टने तिच्यातून जास्त काढलं, हे नाकारता येत नाही. मी फक्त १९८२-८३ पुरतं बोलतोय: लाउडा शेजारी असताना फरक ड्रायव्हरचा नव्हता.

---

लॅपचार्ट

दुसऱ्या प्रश्नावर येतो. विजेतेपद लास व्हेगासला गेलं असं म्हणणाऱ्यांनी गुणतक्ता नीट मांडलेला नसतो. तेव्हा गुण ९-६-४-३-२-१ असे पहिल्या सहांना मिळायचे. वॉटसनचे १९८२चे गुण एक-एक करून जोडू.

दक्षिण आफ्रिका सहावा, १. ब्राझील दुसरा, ६, एकूण ७. लाँग बीच सहावा, १, एकूण ८. झोल्डर पहिला, १७. डेट्रॉइट पहिला, २६. कॅनडा तिसरा, ३०.

१३ जूनला, कॅनडानंतर, तक्त्यात वॉटसन ३० गुणांवर सगळ्यात वर. पिरोनी २०, पात्रेसे १९, प्रॉस्ट १८, रोझबर्ग १७. दहा गुणांची आघाडी, म्हणजे एका विजयापेक्षा जास्त. इथे कुणीही डोळे झाकून वॉटसनवर पैसे लावले असते.

पुढच्या सहा शर्यती: हॉलंड, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि डिजाँला झालेली स्विस ग्रां प्री. वॉटसनचे गुण शून्य. हॉलंडला नववा, डिजाँला तेरावा, उरलेल्या चार शर्यती पूर्णच झाल्या नाहीत. याच सहा शर्यतींत रोझबर्गने ४, ०, २, ४, ६, ९ असे २५ गुण काढले. १७ चे ४२ झाले. विजेतेपद गेलं ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेही हळूहळू, एकेका शून्याने.

मग मोंझाला वॉटसन चौथा, ३३. लास व्हेगासला जाताना रोझबर्ग ४२, वॉटसन ३३. वॉटसनला जिंकायचंच होतं, आणि रोझबर्गला एकही गुण मिळता कामा नव्हता. तसं झालं असतं तर ४२-४२ अशी बरोबरी होऊन विजयांच्या संख्येवर वॉटसन जगज्जेता झाला असता, कारण त्याचे तीन विजय आणि रोझबर्गचा एक. प्रत्यक्षात वॉटसन दुसरा, अल्बोरेतो पहिला, रोझबर्ग पाचवा. रोझबर्ग पाचवा आल्यावर वॉटसन जिंकला असता तरी ४२ विरुद्ध ४४, म्हणजे काहीच बदललं नसतं. अखेरचा तक्ता: रोझबर्ग ४४, पिरोनी आणि वॉटसन प्रत्येकी ३९.

ब्राझीलचे ६ गुण कसे आले हेही लक्षात ठेवायला हवं. रिओला पिके पहिला आणि रोझबर्ग दुसरा आला होता, प्रॉस्ट तिसरा, वॉटसन चौथा. पिके आणि रोझबर्गच्या गाड्यांत ‘ब्रेक थंड करण्यासाठी’ पाण्याची टाकी होती. ते पाणी शर्यतीच्या सुरुवातीलाच सोडून द्यायचं, गाडी ५८० किलोच्या खाली धावायची, आणि शर्यतीनंतर वजनाआधी टाकी पुन्हा भरायची. दोघेही बाद झाले. वॉटसनला ३ च्या जागी ६ मिळाले आणि रोझबर्गचे ६ गेले. म्हणजे नियमांचा कौल त्याच्या बाजूनेही पडला होता. ‘बिचारा वॉटसन’ म्हणून सगळा दोष परिस्थितीवर टाकणाऱ्यांनी हे वगळू नये.

इमोलाची शर्यत तर फोका (गाड्या बनवणाऱ्या संघांची संघटना) संघांनी बहिष्कार टाकल्यामुळे मॅकलारेनने आणि विल्यम्सने दोघांनीही सोडली, तिचा या दोघांच्या हिशेबात फरक पडत नाही. पिरोनीला मात्र तिथे ९ मिळाले.

---

स्लिपस्ट्रीम

लॅपचार्ट, हा हिशेब फार उपयोगी पडला. सहा शून्यांचा मुद्दा मी कुठे असा मांडलेला वाचला नव्हता.

एक शंका. डेट्रॉइटची शर्यत मध्येच थांबवली होती ना? मग १७व्या जागेवरून जिंकला हे कितपत खरं? पुन्हा सुरुवात झाली तेव्हा तो पुढे असणार.

---

लॅपचार्ट

हो, सहा लॅपनंतर अपघातामुळे लाल झेंडा आला. पुन्हा सुरुवात झाली तेव्हा वॉटसन १३वा होता. निकाल मात्र दोन भागांची वेळ एकत्र करून काढला गेला. म्हणून पुढच्या गाडीला रस्त्यावर मागे टाकणं पुरत नव्हतं. पहिल्या सहा लॅपमध्ये तिच्यामागे जितके सेकंद राहिला, तेवढे भरून काढल्याशिवाय तो खऱ्या अर्थाने पुढे जात नव्हता. त्या दृष्टीने हा विजय दिसतो त्याहून अवघड आहे.

लाल झेंड्याच्या वेळात कळीचा निर्णय झाला. वॉटसनने जास्त कडक मिशेलिन टायर घेतले. लाउडाने तसं केलं नाही. भिंतींच्या मधून जाणारा, काटकोनी वळणांचा, खडबडीत रस्ता; तिथे मागच्या टायरना प्रत्येक वळणातून बाहेर पडताना चाक फिरल्याचा मार बसतो. मऊ रबर अशा ठिकाणी लवकर संपतं. कडक रबर सुरुवातीला सरकतं, पण तापलं की टिकतं. वॉटसनने एका लॅपच्या आत चीव्हर, पिरोनी आणि लाउडा अशा तिघांना मागे टाकलं, ते ब्रेकिंगमध्ये. ज्याचे टायर चांगले त्याला शंभर फूट उशिरा ब्रेक मारता येतो, आणि डेट्रॉइटसारख्या रस्त्यावर मागे टाकायची तीच एक जागा. त्यानंतर रोझबर्ग. लाउडाने रोझबर्गला गाठण्याच्या नादात गाडी ठोकली. दोन तासांची मर्यादा लागू झाली म्हणून शर्यत ६२ लॅपची झाली.

मागच्या जागेवरचे विजय तपासायचे असतील तर एक पद्धत वापरा. फक्त ‘ग्रिड वजा निकाल’ करू नका, त्याने फसगत होते. प्रत्येक लॅपची क्रमवारी घ्या आणि पुढच्या गाड्यांचे तीन गट पाडा: ज्या बंद पडल्या किंवा ठोकल्या, ज्या पिटमध्ये गेल्या, आणि ज्यांना रस्त्यावर मागे टाकलं. तिसरा गट म्हणजे खरी कमाई. पिटमध्ये गेलेल्या गाड्यांत पुन्हा फरक करा, टायर झिजल्यामुळे गेली की ठरल्याप्रमाणे गेली. टायरमुळे गेली असेल, तर तिच्या मागे तुमचा ड्रायव्हर टायर वाचवत होता याचं श्रेय त्यालाच जातं. वॉटसनच्या बाबतीत हा भाग मोठा निघतो.

झोल्डर १९८२ ला हेच झालं. रोझबर्गचे टायर संपत आले होते, वॉटसनचे शाबूत होते, आणि ७० लॅपच्या शर्यतीत शेवटचे दोन लॅप उरले असताना त्याने आघाडी घेतली. आदल्या दिवशी क्वालिफाइंगमध्ये जिल व्हिलनव्हचा मृत्यू झाला होता, त्यामुळे त्या शर्यतीबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पण टायर सांभाळण्याचा नमुना म्हणून ती बघण्यासारखी आहे. तिसरा आलेला लाउडा गाडी कमी वजनाची निघाल्याने बाद झाला.

---

तिसरा_गिअर

चासिसबद्दल (गाडीच्या सांगाड्याबद्दल) कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं लिहितो, कारण वॉटसनची मॅकलारेनमधली सुरुवातीची वर्षं त्याशिवाय समजत नाहीत.

१९७९ साठी मॅकलारेनने रॉनी पीटरसनला घ्यायचं ठरवलं होतं. पीटरसन मोंझा १९७८ च्या अपघातानंतर गेला आणि ती जागा वॉटसनला मिळाली. गाडी होती एम२८. ग्राउंड इफेक्टसाठी तळाचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त हवं या एकाच विचाराने ती बेसुमार मोठी केली. मोठी म्हणजे जड, आणि ॲल्युमिनियम-नोमेक्सच्या मधमाशी-पोळ्यासारख्या पत्र्यांच्या जोडांना पुरेसा ताठपणा नाही. ग्राउंड इफेक्ट गाडीत चासिस वाकला की तळाची जमिनीपासूनची उंची बदलते, बाजूच्या स्कर्टची (तळाच्या कडेला हवा अडवणाऱ्या पट्ट्यांची) जमिनीवरची पकड सुटते आणि डाउनफोर्स वळणाच्या मध्येच जातो. ड्रायव्हरला कळतच नाही की पुढच्या क्षणी किती पकड असेल. जुनाग्रिड म्हणतात त्या ‘विश्वासा’चा प्रश्न इथून सुरू होतो. अर्जेंटिनाला तिसरा आला तेवढंच. सिल्व्हरस्टोनला जुलैमध्ये घाईघाईने एम२९ आणली, तिच्यात तो चौथा आला. पण ती विल्यम्सच्या कल्पनेची उशिरा केलेली नक्कल होती.

खरा बदल रॉन डेनिसचा प्रोजेक्ट फोर हा संघ मॅकलारेनमध्ये विलीन झाल्यावर आला. डिझायनर जॉन बर्नार्डने एमपी४/१ गाडीचा मोनोकॉक (ड्रायव्हर बसतो तो मधला सांगाडा) कार्बन फायबरचा केला. ब्रिटनमध्ये तो बनवायला कुणी पुढे येईना, म्हणून अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या हर्क्युलिस कंपनीकडून तो करून घेतला. कार्बनचा फायदा फक्त वजनाचा नव्हता. ग्राउंड इफेक्टला मोनोकॉक अरुंद लागतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या, तळाखालून हवा जाणाऱ्या बोगद्यांना जागा मिळते. ॲल्युमिनियम अरुंद केलं की पिळवटतं. कार्बन अरुंद करूनही ताठ राहतं. म्हणून गाडी वळणात ‘तीच’ राहते, आणि वॉटसनसारख्या ड्रायव्हरला नेमकं हेच हवं होतं.

१९८१ चे निकाल बघा: हारामाला तिसरा, डिजाँला दुसरा, १८ जुलैला सिल्व्हरस्टोनला पहिला. सिल्व्हरस्टोनला सुरुवातीलाच वूडकोटला व्हिलनव्ह फिरला, त्यातून वाचण्यात वॉटसन दहाव्या क्रमांकापर्यंत मागे पडला. तिथून वर येत ६८ पैकी ६१व्या लॅपला त्याने आर्नूच्या बिघडत चाललेल्या रेनोला गाठलं. मॅकलारेनचा १९७७ नंतरचा हा पहिला विजय, आणि कार्बन फायबर चासिसचा फॉर्म्युला वनमधला पहिला.

कार्बनबद्दल तेव्हा मोठी भीती होती की धडकेत हा पदार्थ काचेसारखा फुटून चुरा होईल. मोंझा १९८१ ला वॉटसन लेस्मोतून बाहेर पडताना कडेवर गेला, गाडी फिरून मागच्या बाजूने कठड्यावर आदळली. इंजिन आणि गिअरबॉक्स तुटून वेगळे झाले, मोनोकॉक शाबूत राहिला, आणि वॉटसन स्वतः चालत बाहेर आला. इंजिन जिथे मोनोकॉकला जोडलेलं असतं तिथेच गाडी तुटली, माणूस बसतो तिथे नाही. त्यानंतर कार्बनला विरोध करणं अवघड झालं. वॉटसनच्या पाच विजयांइतकंच मला हे महत्त्वाचं वाटतं.

---

जुनाग्रिड

तिसरा प्रश्न राहिला.

१९८२ मध्ये वॉटसन ३९, लाउडा ३०. १९८३ मध्ये वॉटसन २२, लाउडा १२. दोन्ही वर्षं लाउडाच्या पुढे. तरीही १९८४ ला जागा गेली. दोन कारणं एकत्र आली. वॉटसनचा करार संपत होता आणि पैशांवर बोलणी अडली होती. लाउडाचा करार होता, प्रायोजकांना त्याचं नाव हवं होतं, आणि नव्या टॅग-पोर्शे टर्बो इंजिनसाठी सगळ्यात जास्त रेटा त्यानेच लावला होता. ते इंजिन झांडफूर्टला पहिल्यांदा धावलं तेही लाउडाच्या गाडीत. त्या शर्यतीत वॉटसन जुन्या कॉसवर्थवर तिसरा आला, हे आवर्जून नमूद करायला हवं. त्याला टर्बो मोंझापासून मिळाला.

मग ऑक्टोबरमध्ये, हंगाम संपताच, रेनोने प्रॉस्टला काढलं. जगज्जेतेपद दोन गुणांनी हुकलेला ड्रायव्हर अचानक मोकळा, आणि तोही घासाघीस करण्याच्या स्थितीत नसलेला. डेनिसने त्याला लगेच उचललं. तोपर्यंत बाकीच्या चांगल्या संघांच्या जागा भरल्या होत्या. वॉटसन बोलणी ताणत राहिला ते मॅकलारेनकडे आपल्याशिवाय पर्याय नाही या हिशेबाने, आणि प्रॉस्ट मोकळा होईपर्यंत तो हिशेब चुकीचा नव्हता. १९८४ मध्ये मॅकलारेनने १६ पैकी १२ शर्यती जिंकल्या. त्या गाडीत तो नव्हता याची खंत त्याच्या चाहत्यांना आजही आहे, मलाही आहे.

पुढे १९८५ मध्ये लाउडाचं मनगट दुखावल्यामुळे ब्रँड्स हॅचच्या युरोपियन ग्रां प्रीत त्याला एक शर्यत मिळाली, गाडी क्रमांक १, निकाल सातवा. फॉर्म्युला वन तिथे संपलं. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र तो चांगलाच चमकला: १९८४ ला फुजीची १००० किलोमीटर शर्यत स्टेफान बेलोफबरोबर पोर्शे ९५६ मध्ये जिंकली, आणि १९८७ ला यान लामर्सबरोबर जॅग्वार एक्सजेआर-८ मध्ये हारामा, मोंझा आणि फुजी. लांब शर्यत, टायर सांभाळणं, इंधनाचा हिशेब: तो प्रकार त्याच्यासाठीच बनला होता.

---

स्लिपस्ट्रीम

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक विचारतो. जिंकलेल्या पाच शर्यतींखेरीज त्याची कोणती एक शर्यत नीट अभ्यासावी?

---

लॅपचार्ट

डिजाँ, फ्रान्स १९७७. ब्रॅबम बीटी४५, अल्फाचं फ्लॅट-१२ इंजिन. ८० लॅपच्या शर्यतीत बराच वेळ तो पुढे, मागे मारिओ आंद्रेत्ती. शेवटच्याच लॅपला इंजिनला इंधन कमी पडलं, गाडी क्षणभर अडखळली आणि आंद्रेत्ती पुढे गेला. वॉटसन दुसरा.

अल्फाचं ते इंजिन भयंकर इंधनखाऊ होतं, त्यामुळे सुरुवातीला कॉसवर्थवाल्यांपेक्षा जास्त इंधन भरून निघावं लागायचं. टाकीच्या तळाशी इंधन थोडं उरलं की वळणात ते एका बाजूला जातं, आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. तळाशी किती इंधन ‘निरुपयोगी’ धरायचं याचा अंदाज थोडा चुकला की असं होतं. ही शर्यत बघताना शेवटचे दहा लॅप दोन्ही गाड्यांमधलं अंतर सेकंदांत लिहीत जा, आणि त्याच्या शेजारी वॉटसनच्या लॅपच्या वेळा. आंद्रेत्ती दबाव ठेवून होता म्हणून वॉटसनला इंधन वाचवायला वेग कमी करता येत नव्हता, हे त्या दोन रकान्यांतून स्पष्ट दिसतं.